खात्री पुरे, झेरॉक्स नको

मीरा रोड पूर्वेच्या सिल्व्हर पार्क भागात भाड्याने घर घ्यायचं ठरलं की आधी झेरॉक्सचं दुकान गाठावं लागतं. आधारची एक प्रत एजंटला, एक घरमालकाला, एक लीव्ह अँड लायसन्सच्या करारासाठी, एक पोलिस व्हेरिफिकेशनला, एक सोसायटीच्या ऑफिसात. शिवाय गॅस, वायफाय, सिम कार्ड आहेतच. अकरा महिन्यांनी घर बदललं की हा फेरा पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक प्रतीवर नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो आणि कोपऱ्यात क्यूआर कोड असतो. ज्याला फक्त 'हा माणूस इथेच राहतो ना?' एवढंच पाहायचं आहे, त्याच्या कपाटातही जन्मतारखेसकट सगळी कुंडली जाऊन पडते.

त्याच घरात दिवसभर मोबाइलवर संदेश येत असतात. बँकेच्या नावाने, वीज कंपनीच्या नावाने, कुरिअरच्या नावाने. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी पुढे ढकललेली सूचना येते. त्यातला खरा कुठला आणि बनावट कुठला, हे ओळखायला अंदाजाशिवाय फारसं काही हाताशी नसतं. म्हणजे आपण आपल्याबद्दल गरजेपेक्षा कितीतरी जास्त सांगतो आणि समोरच्याबद्दल गरजेपुरतंही आपल्याला कळत नाही.

या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, ते मीरा रोडने पाहिलेलं आहे. ऑक्टोबर २०१६च्या पहिल्या आठवड्यात ठाणे पोलिसांनी इथल्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतलं. तिथून अमेरिकेतल्या लोकांना फोन जात. 'मी करखात्याचा अधिकारी बोलतोय, तुमचा कर थकलाय, आत्ता भरला नाहीत तर अटक होईल,' अशी धमकी दिली जाई आणि गिफ्ट कार्डांवरून पैसे उकळले जात. समोरच्याची थोडीफार माहिती हाताशी असली की आवाजाला अधिकार चढतो, आणि तो आवाज खरा की खोटा हे तपासायची सोय ऐकणाऱ्याकडे नसते. आज आपल्याकडे 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाने जे चाललंय, त्याची रीत हीच आहे.

पडताळणी हवी तर माहिती द्यावीच लागते, असं आपण धरून चालतो. ही निव्वळ सवय आहे. गणिताने तशी अट घातलेली नाही. एखादी गोष्ट खरी आहे हे सिद्ध करता येतं आणि ती गोष्ट मात्र उघड होत नाही, असे पुरावे गेली चाळीस वर्षं आपल्याला माहीत आहेत. त्यांना झिरो नॉलेज प्रूफ, म्हणजेच शून्यज्ञान पुरावा, म्हणतात.

कल्पना कुठून आली

शफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ यांनी १९८५मध्ये एक शोधनिबंध सादर केला. पुराव्यातून तपासणाऱ्याला नेमकं किती ज्ञान मिळतं, ते मोजता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर चकित करणारं निघालं. काही पुरावे असे असतात, की ते तपासल्यावर 'विधान खरं आहे' यापलीकडे तपासणाऱ्याच्या ज्ञानात कणभरही भर पडत नाही. पुढच्याच वर्षी ओडेड गोल्डराइख, मिकाली आणि आवी विगडरसन यांनी आणखी मोठी मजल मारली. कूटलेखनाची नेहमीची गृहीतकं मान्य केली, तर ज्या विधानाचा पुरावा संगणकाला झटपट तपासता येतो, अशा प्रत्येक विधानासाठी शून्यज्ञान पुरावा तयार करता येतो, हे त्यांनी दाखवलं. गोल्डवासर आणि मिकाली यांना २०१२चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, विगडरसन यांना २०२३चा.

हे ऐकायला जादूसारखं वाटतं, म्हणून एक छोटा हिशेब कागदावर करून पाहू. क्लाउस श्नोर यांनी १९८९मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. खऱ्या वापरात यातले आकडे सत्तरहून अधिक अंकी असतात. आपण लहान घेऊ.

नियम एकच: प्रत्येक उत्तराला २३ने भागायचं आणि उरेल ती बाकी धरायची. तुमचं गुपित आहे ७. २चा सातवा घात १२८ होतो, त्याला २३ने भागलं की बाकी १३. हा १३ तुम्ही सगळ्यांना जाहीर करून ठेवता. आकडे पुरेसे मोठे असले, की जाहीर आकड्यावरून मूळ गुपिताकडे उलटं जाणं आजच्या कुठल्याही संगणकाला झेपत नाही.

आता गुपित माहीत आहे हे तुम्हाला पटवून द्यायचं आहे. आधी तुम्ही मनात एक ताजा आकडा धरता, समजा ४, आणि २चा चौथा घात म्हणजे १६ तपासणाऱ्याला कळवता. मग तपासणारा आयत्या वेळी एक प्रश्न टाकतो, समजा ३. तुम्ही ताज्या आकड्यात प्रश्न आणि गुपित यांचा गुणाकार मिळवता: ४ + (३ × ७) = २५. २चा अकरावा घात २०४८, त्याची बाकी १ येते, म्हणजे घातांचं चक्र दर अकराला पुन्हा सुरू होतं. म्हणून २५ला ११ने भागून उरणारी बाकी, म्हणजे ३, हे तुमचं उत्तर.

तपासणारा काय करतो? २चा तिसरा घात ८. दुसऱ्या बाजूला तुम्ही आधी दिलेला १६ घेतो आणि त्याला जाहीर आकड्याच्या, म्हणजे १३च्या, तिसऱ्या घाताने गुणतो. १३चा तिसरा घात २१९७, बाकी १२. १६ × १२ = १९२, बाकी ८. दोन्हीकडे ८. जुळलं. सात हा आकडा तुमच्या तोंडून बाहेर पडलाच नाही.

तरी तपासणाऱ्याला खात्री का वाटावी? कारण गुपित माहीत नसलेला माणूस फार तर एका प्रश्नाची तयारी करून येऊ शकतो. एकाच १६साठी दोन वेगळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरं ज्याला देता येतात, त्याच्या दोन उत्तरांतल्या फरकाला दोन प्रश्नांतल्या फरकाने (११च्या बाकीच्या हिशेबात) भागलं की गुपित बाहेर येतं. म्हणजे त्याला ते माहीतच असणार. आपल्या छोट्या हिशेबात ठकाला अकरातली एक संधी आहे. सत्तर अंकी आकड्यांत ती उरतच नाही.

आणि काही फुटलं नाही, हे कशावरून? हाच सगळ्यात सुंदर भाग आहे. उलट्या बाजूने सुरुवात करा. उत्तर ५ आणि प्रश्न २ असं आधीच ठरवून टाका. २चा पाचवा घात ३२, बाकी ९. १३चा वर्ग १६९, बाकी ८. आता ८ला कशाने गुणलं की ९ बाकी येईल? ४ने: ४ × ८ = ३२, बाकी ९. म्हणजे '४, २, ५' ही नोंद तपासणीत चोख बसते आणि ती लिहिताना ७ कुणालाही ठाऊक असायची गरज पडली नाही. खऱ्या संवादाची नोंद आणि अशी घरी बसून रचलेली नोंद यांत फरक करता येत नाही. जी नोंद गुपित न जाणणारासुद्धा लिहू शकतो, तिच्यातून गुपिताबद्दल काही शिकता येणं शक्यच नाही. खात्री पटते ती क्रमामुळे, प्रश्न नंतर आला म्हणून.

पुराव्याचा संदेश होतो

यात एक अडचण होती. तपासणारा समोर हजर हवा, प्रश्न विचारायला. आमोस फियाट आणि आदि शमीर यांनी १९८६मध्ये ती सोडवली. प्रश्न माणसाने विचारण्याऐवजी हॅश फलनाकडून, म्हणजे कुठल्याही मजकुराचा ठरावीक लांबीचा आकडा काढून देणाऱ्या सूत्राकडून, काढून घ्यायचा. पाठवायचा संदेश आणि तुमचा पहिला आकडा एकत्र करून हॅश केला की जो आकडा मिळतो, तोच प्रश्न. संदेशात एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी हॅश बदलतो, प्रश्न बदलतो आणि उत्तर जुळेनासं होतं. या एका युक्तीने संवादाची सही झाली. संदेशासोबत पुरावा जातो आणि जगात कुणीही, कधीही तो तपासू शकतो.

अशी सही कुणी केली ते मात्र उघड असतं. बँक, वीज कंपनी, महापालिका किंवा पोलिस यांच्या संदेशासाठी ते योग्यच आहे, तिथे साधी डिजिटल सही पुरते. शून्यज्ञान पुराव्याची खरी गरज लागते ती संदेश अस्सल असावा आणि पाठवणारा मात्र झाकलेला राहावा, अशा जागी. आणि अशा जागा आपल्या रोजच्या जगण्यात भरपूर आहेत.

सिल्व्हर पार्कातली १२८ फ्लॅटची एक सोसायटी मनाशी धरू. पाण्याच्या टाकीबद्दल कुणाला तक्रार करायची आहे. नाव घेऊन लिहिलं तर चेअरमन-सेक्रेटरींशी वाकडं येणार, आणि भाडेकरू असेल तर करार पुढे वाढेल की नाही याची धास्ती. निनावी लिहिलं तर 'बाहेरच्या कुणीतरी लिहिलं असेल' म्हणून कागद बाजूला पडणार. कमिटीला एवढंच समजायला हवं, की लिहिणारा १२८ घरांपैकी एक आहे.

ते असं करता येतं. प्रत्येक घर आपलं एक गुपित ठेवतं आणि त्याचा हॅश यादीत देतं. यादीतले शेजारचे दोन-दोन हॅश एकत्र करून नवा हॅश काढायचा. १२८चे ६४ होतात, ६४चे ३२, आणि सातव्या पायरीला एकच आकडा उरतो. राल्फ मर्कल यांच्या नावाने ओळखला जाणारा हा वृक्ष आहे. तो एक आकडा नोटीस बोर्डावर लावला तरी चालतो. तक्रार करणारा सिद्ध करतो, की 'मला एक गुपित माहीत आहे आणि त्याच्या हॅशपासून सात पायऱ्या चढलं की बोर्डावरचा आकडा येतो.' कुठल्या पानापासून चढला, ते पुराव्यात दिसत नाही.

एकच माणूस दहा तक्रारी टाकून दहा घरांचा आव आणेल, त्याचं काय? त्यावरही उपाय आहे. गुपित आणि विषय एकत्र करून आणखी एक हॅश संदेशासोबत जोडायचा आणि तोही नियमाने काढला आहे हे पुराव्यात दाखवायचं. एकाच विषयावर त्याच घराने पुन्हा लिहिलं की तोच आकडा पुन्हा येतो आणि दुसरा संदेश नाकारला जातो. विषय बदलला की आकडाही बदलतो, त्यामुळे दोन तक्रारी एकाच घराच्या आहेत हे जुळवता येत नाही. इथेरियम या ब्लॉकचेनवर काम करणाऱ्या मंडळींनी २०१९मध्ये बांधलेली 'सेमाफोर' ही लायब्ररी हेच काम करते, आणि गुप्त मतदानालाही ती चालते.

आधार, पण उघड न करता

आधारची सुरुवात महाराष्ट्रातच झाली: २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. आज आधारपत्रावरच्या सुरक्षित क्यूआर कोडमध्ये नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता आणि फोटो असतो, आणि या सगळ्यावर यूआयडीएआयची, म्हणजे आधार देणाऱ्या प्राधिकरणाची, २०४८ बिटांची आरएसए डिजिटल सही असते. म्हणजे क्यूआर कोड हा मुळात सही केलेला संदेशच आहे. तो वाचला की सही तपासता येते, पण वाचणाऱ्याला सगळंच दिसतं.

'अनॉन आधार' हा मुक्त स्रोत प्रकल्प नेमकं हे दार बंद करतो. तुम्ही क्यूआर कोड आपल्याच फोनच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये देता. आतमध्ये सगळा हिशेब होतो: माहितीचा हॅश काढणं, त्यावरची यूआयडीएआयची सही पडताळणं, जन्मतारखेवरून वय मोजणं. बाहेर जातो तो फक्त हा हिशेब चोख झाल्याचा पुरावा आणि तुम्ही निवडाल तेवढंच उत्तर: वय अठराच्या वर आहे, किंवा पिनकोड ४०११०७ आहे. नाव जात नाही, घराचा नंबर जात नाही, जन्मतारीखही जात नाही.

इतका मोठा हिशेब एका चिमुकल्या पुराव्यात बसतो तो जेन्स ग्रॉथ यांनी २०१६मध्ये मांडलेल्या पद्धतीमुळे. झीकॅश या कूटचलनात याच पद्धतीचा एक पुरावा १९२ बाइटांचा असतो. या परिच्छेदापेक्षाही लहान. तो तपासायला फोनला क्षणभरही लागत नाही. या विषयावरचं काम आपल्या शेजारी, पवईलाही झालं आहे. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१९मध्ये 'एमप्रूव्ह' ही पद्धत मांडली. आपल्याकडे ग्राहकांचं पुरेसं मोनेरो हे कूटचलन आहे, हे त्याची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एक्स्चेंजने सिद्ध करायचं, पण नेमकी कुठली खाती आपली ते उघड करायचं नाही, असा त्यांचा प्रश्न होता.

संदेशांच्या जगात ही कल्पना कधीच रुळली आहे. सिग्नल ॲपने २०१९मध्ये ग्रुपसाठी नवी व्यवस्था जाहीर केली. ग्रुपमध्ये कोण कोण आहे ही यादी सर्व्हरवर असते, पण कुलूपबंद. एखाद्याला यादीत बदल करायचा असला की त्याचा फोन सर्व्हरला शून्यज्ञान पुरावा देतो, की 'मी या यादीतला आहे आणि मला हा अधिकार आहे.' सर्व्हर बदल करतो, तो कुणी केला हे त्याला कळत नाही. ईमेलच्या बाबतीतही तसंच. बँकेकडून आलेल्या बहुतेक मेलच्या शीर्षभागात डीकेआयएम नावाची सही आधीच असते. 'झीके ईमेल' हा प्रकल्प त्या सहीच्या आधारे दाखवून देतो, की अमुक संस्थेकडून अमुक वाक्य असलेला मेल मला खरोखर आला आहे. मेलमधला बाकीचा मजकूर झाकलेलाच राहतो. एप्रिल २०२५मध्ये गूगलने आपल्या वॉलेटमध्ये वयाची खात्री याच मार्गाने देण्याची घोषणा केली आणि जुलैमध्ये त्यामागची लायब्ररी सगळ्यांसाठी खुली केली.

कुठे जपून पाऊल टाकायचं

हे सगळं मनापासून पटत असलं तरी त्याच्या मर्यादा ओळखूनच ते वापरायला हवं.

पहिली गोष्ट, पुरावा फक्त विधानाचा असतो. १२८ घरांपैकी कुणीतरी लिहिलंय हे सिद्ध झालं, म्हणून टाकीचं पाणी खराब असल्याचं सिद्ध होत नाही. शिवाय लिहिण्याच्या ढबीवरून माणूस ओळखू आला तर गणित त्याला लपवू शकत नाही.

दुसरी, पाया चुकला तर सगळंच ढासळतं. ग्रॉथ यांच्या पद्धतीसाठी, आणि तिच्यासारख्या आधीच्या पद्धतींसाठीही, सुरुवातीला काही आकडे तयार करावे लागतात आणि ते तयार करताना वापरलेलं गुपित नष्ट करावं लागतं. झीकॅशने २०१६मध्ये, तेव्हा वापरात असलेल्या तशाच एका जुन्या पद्धतीसाठी, सहा जणांना वेगवेगळ्या ठिकाणी बसवून हे केलं. सहापैकी एकानेही आपला तुकडा खरोखर नष्ट केला तरी पुरेसं, अशी ती रचना होती. त्या सहांत अमेरिकेची गुप्त पाळत उघड करणारे एडवर्ड स्नोडेन होते, हे २०२२मध्ये जाहीर झालं. पण याच झीकॅशच्या मूळ रचनेत वेगळीच एक चूक राहून गेली होती. खोटी नाणी पाडता येतील अशी ती फट त्यांचेच गणिती एरियल गॅबिझॉन यांना मार्च २०१८मध्ये सापडली, आणि ऑक्टोबरमध्ये बुजवली गेली. आठ महिन्यांच्या आत दुरुस्ती झाली हे कौतुकाचं, पण ती फट सापडेपर्यंत कित्येक वर्षं जगभरातले जाणकार ती रचना वाचत होते, हेही विसरता येत नाही. असं सॉफ्टवेअर उघडं असावं, अनेकांनी तपासलेलं असावं, हा आग्रह त्यासाठीच.

तिसरी गोष्ट आपल्या अगदी जवळची. क्यूआर कोडवरून पुरावा तयार होतो, म्हणजे ज्याच्याकडे तुमचा क्यूआर कोड आहे तोही तुमच्या वतीने पुरावा तयार करू शकतो. एजंटच्या ड्रॉवरमधली आणि सोसायटीच्या फाइलमधली झेरॉक्स इथे आडवी येते. म्हणूनच गूगलसारख्या व्यवस्था ओळखपत्र फोनच्या चिपमधल्या किल्लीशी बांधून टाकतात, म्हणजे नुसती प्रत हाती लागून काम होत नाही. शून्यज्ञान पुरावे नीट चालायचे असतील तर आधी झेरॉक्स वाटण्याची रीत थांबायला हवी.

ती रीत मोडणं सोपं नाही. २७ मे २०२२ला यूआयडीएआयच्या बेंगळुरू प्रादेशिक कार्यालयाने आधारची छायाप्रत कुणालाही देऊ नका, शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार द्या, असं सांगितलं. त्यावर गोंधळ उडाला आणि दोनच दिवसांत ते पत्रक मागे घेतलं गेलं. पण वारं त्याच दिशेने वाहतंय. वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३मध्ये मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. ज्या कामासाठी संमती घेतली त्या कामाला लागेल तेवढीच माहिती घ्यायची, हे त्याचं सूत्र आहे. २०२५मध्येच आलेल्या नव्या आधार ॲपमध्ये निवडक माहितीच दाखवायची सोय आहे. हा शून्यज्ञान पुरावा नव्हे, पण त्याच वाटेवरचं पाऊल आहे.

पोलिस व्हेरिफिकेशनमध्ये माणसाची खरी ओळखच हवी असते, करारावरही नाव लागतंच. तिथे लपवायचं काही नाही. पण गेटवरच्या नोंदीला, जिमच्या फॉर्मला, सोसायटीच्या मतदानाला, वयाच्या अटीला ओळख लागत नाही, फक्त एका प्रश्नाचं हो किंवा नाही लागतं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने, सोसायटीच्या कमिटीने आणि महापालिकेच्या निविदा लिहिणाऱ्याने प्रत्येक रकाना छापण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा: मला नेमकं कुठल्या विधानाची खात्री हवी आहे? उत्तर एका ओळीत लिहिता आलं, की त्या ओळीपुरता पुरावा मागता येतो. आणि ते लिहिता येत नसेल, तर ती माहिती मागण्याचा अधिकारच आपल्याला नाही. गणिताने आपलं काम चाळीस वर्षांपूर्वी केलं. आता माहिती मागणाऱ्यांनी कमी मागायला शिकायचं आहे, आणि आपण देणाऱ्यांनी 'एवढंच पुरेल ना?' असं विचारायला.